पहिली आरोग्य विमा पॉलिसी घेताना

पहिली पॉलिसी निवडताना वेगवेगळ्या पॉलिसींच्या हप्त्यांची तुलना तुम्ही केली असेल, तर ते योग्यच. परंतु त्याआधी खोलीभाड्याची मर्यादा, म्हणजे रुग्णालयातील खोलीसाठी कंपनी दिवसाला जास्तीत जास्त किती देते, ते पाहा, कारण नवखा माणूस बहुधा तेथेच अडकतो. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये इतकेच मंजूर होते आणि आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. कंपनीने वरचे ३,००० तर कापलेच, शिवाय शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्कही त्याच प्रमाणात घटवले; त्यांच्या ८०,००० रुपयांच्या शुल्कापैकी ५०,०००च हाती आले.

मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार अर्जात लपवू नका, एजंटाने तसे सुचवले तरीही. २०२४ च्या नियमांनुसार अशा आजारांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्यांचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. माहिती दडवल्यास मात्र दावाच फेटाळला जाऊ शकतो. पहिले ३० दिवस सहसा केवळ अपघाताचाच खर्च मिळतो.

पॉलिसी हाती आली की स्वतः पूर्ण वाचा; पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. टॉप-अपचा, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चासाठी घ्यायच्या जादा पॉलिसीचा, विचार तूर्त बाजूला ठेवा.