वाचकांचे प्रश्न : घरातील फायलींची प्रत क्लाउडवर

प्रश्न : आमच्या संगणकावर सातबाऱ्यांच्या स्कॅन प्रती आणि कौटुंबिक छायाचित्रे मिळून सुमारे ४० जीबी साठा आहे. पावसाळ्यात इथे वीज आणि इंटरनेट वारंवार जाते. हे सर्व क्लाउडवर ठेवणे योग्य ठरेल का? – एक वाचक, दापोली

उत्तर : अवश्य ठेवावे. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणारी, गूगलसारख्या कंपनीच्या संगणकांवरील साठवणुकीची जागा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या घरांत आणि दुकानांत वाशिष्ठीचे पाणी शिरले. अशा प्रसंगी संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच जातात, म्हणून एक प्रत घराबाहेर असलीच पाहिजे. गूगल खात्यातील १५ जीबी विनामूल्य जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वापरली जाते, त्यामुळे आपल्याला सशुल्क जागा घ्यावी लागेल.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते : सिंक, म्हणजे संगणकावरील फोल्डर आणि त्याची क्लाउडवरील प्रत आपोआप एकसारखी ठेवणे, हा बॅकअप (स्वतंत्र राखीव प्रत) नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरमधून संगणकावर फाइल पुसली, तर ती क्लाउडवरूनही जाते आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवसच राहते. म्हणून हार्ड डिस्कवरील प्रतही जपावी, आणि ती नातेवाइकांकडे ठेवता आली तर उत्तमच.

अपलोडचा (फाइल क्लाउडवर चढवण्याचा) वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) असेल, तर ४० जीबी चढवायला सुमारे १८ तास लागतील. त्यामुळे हे काम पावसाळ्यापूर्वीच सुरू करावे, आणि त्यातही आधी कागदपत्रे चढवावीत. खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीची दुसरी खात्री, उदा. फोनवरून) लावून तिचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खाते उघडण्याचे आकडे, कागदावर लिहून ठेवावेत.