क्लच प्लेट गेली म्हणे! वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

पाऊस लागला की या सदराकडे क्लचची पत्रं जास्त येतात. यावेळी निवडलेल्या सगळ्या गाड्या जुन्या आहेत, आणि जवळपास सगळ्यांना गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकवलंय, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल". (प्लेट म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचमधली चकती.) कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा बाहेरून बघण्यासारखं बरंच काही असतं आणि ते कुणी बघितलेलंच नसतं.

प्रश्न : काका नमस्कार, माझी मारुती 800 आहे, 2006 ची, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय नाही. फ्लायओव्हरच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पुढे सरकत नाही, वर जळका वास येतो. गॅरेजवाल्याने केबल टाईट करून दिली तर अजूनच वाढलं. आता म्हणतो पूर्ण सेट टाका. खरंच गेलीय का प्लेट? (मुलुंडहून एक वाचक)

उत्तर : गेली असेलही, पण केबल टाईट करणं हे नेमकं उलट्या आजाराचं औषध झालं हो. क्लचची तक्रार मुख्यतः दोन प्रकारची असते, एक म्हणजे क्लच पूर्ण पकडत नाही, म्हणजे स्लिप होतो, आणि दुसरी म्हणजे पूर्ण सुटत नाही, मग गिअर करकरतात, रिव्हर्स पडत नाही. केबल ढिली झाली की दुसरी तक्रार येते आणि तेव्हा ती ताणायची. तुमची पहिली आहे.

तुमच्या 800 मध्ये पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत साधी तारेची केबल जाते. लिव्हर हलला की आतलं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारा भाग) स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाबतं आणि क्लच प्लेट सुटते. आता गंमत अशी की प्लेट झिजून पातळ झाली की या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात, म्हणजे पेडलचा फ्री प्ले (जड लागण्याआधीची मोकळी हालचाल) आपोआप कमी कमी होत जातो आणि क्लच पेडल बरंच वर आल्यावर पकडायला लागतो. अशा वेळी केबल थोडी ढिली करायची असते. ती ताणली तर प्ले संपतो, बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, म्हणजे दिवसभर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवल्यातच जमा. चांगली प्लेटसुद्धा त्याने जळेल.

म्हणून आधी इंजिन बंद करून पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा. सुरुवातीला 15-20 मिलिमीटर ते अलगद जायला पाहिजे, मग जड लागायला पाहिजे (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो). अलगद जातच नसेल तर लिव्हरकडच्या टोकाचा अ‍ॅडजस्टिंग नट ढिला करून प्ले आणा. त्याचवेळी केबल पण नीट बघून घ्या, आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत ती आतून गंजते, कव्हरमध्ये अडकते, पेडल आळसावल्यासारखं वर येतं आणि क्लच पूर्ण पकडतच नाही. तारेचे दोन-चार धागे तुटलेले दिसले तर सरळ नवीन टाका, सेटच्या मानाने केबल अगदीच स्वस्त.

हे करून झालं की चाचणी. सपाट जागा, समोर कोणी नको, मागच्या चाकांना दगड, हॅन्डब्रेक पूर्ण ओढलेला आणि ब्रेकवर पाय. तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडणारच. बंद न पडता आरामात चालू राहिलं तर क्लच घसरतोय. 800 मध्ये आरपीएमचा काटा नसतो त्यामुळे कानावरच भरवसा. आणि ही चाचणी एकदाच, मित्रांना दाखवायला परत परत करू नका, प्रत्येक वेळी थोडी प्लेट जळतेच.

प्ले बरोबर, केबल चांगली, आणि तरी घसरतोय? मग गॅरेजवाल्याचं खरं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे खालून बोट फिरवून बघा. काळं तेल लागलं तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल असेल तर गिअरबॉक्सचं सील. तेल प्लेटवर गेलं की नवी प्लेटसुद्धा घसरणार किंवा गाडी सुटताना थरथरणार, म्हणून सील न बदलता नुसता सेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्रच बदला, मजुरी तेवढीच लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसतायत का ते स्वतः उभं राहून बघा, दिसले तर लेथवर काम करून घ्यायचं नाहीतर बदलायचं. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक प्लेटवरच लिहिलेलं असतं, तरी उलटी बसवणारे महाभाग आहेत! आणि आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

पार्ट घ्यायला ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलात तर जुनी प्लेट पिशवीत घालून न्या, व्यास आणि मधले दाते जुळवून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दरवाजा, आरसा, बंपर खुशाल घ्या, पण सेकंडहॅन्ड क्लच कधीच नको.

प्रश्न : आमच्याकडे 2003 ची क्वालिस आहे. सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल खालीच जाऊन बसतं, पायाने वर ओढावं लागतं. चार-पाच वेळा पंप केलं की गिअर पडतो, नाहीतर रिव्हर्सला मोठ्ठा करकर आवाज. गॅरेजमध्ये मी विचारलं तर सगळं माझ्या भावाला समजावत बसले, आणि प्लेटचंच सांगितलं. (चेंबूरहून एक वाचक)

उत्तर : ताई, पंप केल्यावर गिअर पडतो ही ओळ तुम्ही लिहिलीत आणि अर्धं निदान तिथेच झालं. प्लेट झिजली असती तर पंप करून काडीचा फरक पडला नसता. क्वालिसला केबल नाही, हायड्रॉलिक क्लच आहे. पेडलच्या पलीकडे मास्टर सिलेंडर, खाली गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलेंडर, आणि मधल्या पाईपमध्ये ब्रेक ऑइल. कुठेतरी ऑइल गळतंय, नाहीतर सिलेंडरमधलं रबर गेल्यामुळे प्रेशर मागे पळतंय, किंवा लाईनमध्ये हवा शिरलीय.

बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलची बाटली बघा, लेव्हल उतरलीय का, ऑइल चहासारखं काळपट झालंय का. मग पेडलच्या मागे, जिथे दांडा आत जातो तिथे, मोबाईलचा टॉर्च मारून बोट लावा, ओलं असेल तर मास्टर. गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्हचं रबरी बूट जरा सरकवून बघायला सांगा, आतून ऑइल टपकलं तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे असूनही पेडल बसत असेल तर बहुतेक मास्टरचं आतलं रबर, ते बाहेर गळत नाही म्हणून पटकन कळत नाही. रबरचा किट मिळतो, पण सिलेंडरच्या आत चरे किंवा गंज दिसला तर किटच्या भानगडीत पडू नका, अख्खा सिलेंडर बदला. जुना फुगलेला होजपाईप असेल तर तोही.

नंतर ब्लीडिंग करून हवा काढायची. ऑइल बाटलीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून गॅरेजच्या फळीवर पावसाळाभर उघडा पडलेला डबा नको, आणि दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. चुकून इंजिन ऑइल कुणी टाकलं तर सगळी रबरं फुगतात आणि सगळं परत. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हे सगळं नीट होऊनही एकाच गिअरला करकर राहिली तर तो त्या गिअरच्या सिंक्रोचा (गिअर करकर न होता पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कडीचा) विषय, क्लचचा नाही. आणि पुढच्या वेळी भावाला घरीच ठेवा 😄

प्रश्न : क्लच दाबला की घर्रर्र आवाज येतो, सोडला की बंद. किती दिवस चालेल? (बोरिवली)

उत्तर : रिलीज बेअरिंग. किती दिवस ते कोणी सांगू शकत नाही, पण बेअरिंग जाम झालं तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या खाऊन टाकतं, तेव्हा लांबच्या प्रवासाआधी, घाट चढायच्या आधी तर नक्कीच, करून घ्या. याच्या उलट, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढला की आवाज आणि दाबला की गप्प, असं असतं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर न्यूट्रल करत जा.

प्रश्न : आजोबांची झेन दादरला बिल्डिंगखाली अख्खा पावसाळा उभी होती. बॅटरी बदलून चालू केली, पण कुठलाच गिअर पडत नाही, गिअर टाकून चावी फिरवली तर गाडी उडीच मारते. केबल मेकॅनिकने बघितली, ठीक आहे म्हणतो. पेडलपण नेहमीसारखंच लागतं. (दादर)

उत्तर : प्लेट गेली नाहीये, चिकटलीय. ओल धरून फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंज येतो आणि मधली प्लेट त्याला धरून बसते, पेडल दाबलं तरी सुटत नाही. पाण्यात उभी होती का हे आधी विचारा, पाणी आत गेलं असेल तर अजून चालू करू नका, आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल तपासा.

नुसती ओल असेल तर बहुतेक वेळा न उघडता सुटते. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं गरम करून बंद करायचं, मोकळ्या सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, गाडी चालायला लागेल, मग क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा आणि मध्येच ब्रेक मारायचा. झटक्यांनी प्लेट सुटते आणि सुटली की लगेच कळतं. सोसायटीच्या आवारात, जिथे मुलं खेळतात आणि समोर भिंत आहे, तिथे हे अजिबात नको, मेकॅनिकला चालवायला द्या आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर न्या. बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) फटीतून गंज काढायचा स्प्रे मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो प्लेटवर बसला की सुटलेली प्लेट घसरायला लागेल. थोड्या प्रयत्नात नाहीच सुटली तर स्टार्टर जाळत बसू नका, गिअरबॉक्स उतरवा. सुटली तर पहिले काही दिवस थोडी थरथरेल, गंज घासून गेला की बंद होईल, आणि नाहीच झाली तर इंजिनाची माउंटिंग बघा, झेनच्या वयाला ती रबरं बसलेली असतातच.