लहान मेंदूच्या कामाला लागण्याआधी

रत्नागिरी

अनेक आशीर्वाद.

माशाच्या लहान मेंदूतली (सेरेबेलम) कॅल्शियम धरणारी प्रथिनं तू तपासणार आहेस, म्हणून हे लिहितो आहे. ‘ही प्रथिनं सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत टिकून आहेत’ असं सरसकट लिहू नकोस. प्रथिन टिकलं म्हणजे ते त्याच पेशीत राहिलं असं होत नाही. कॅल्मोड्युलिन या अशाच एका प्रथिनाची माणसात ३ जनुकं आहेत, पण तिन्हींतून प्रथिन एकच बनतं, आणि माशातही तेच. त्याची अँटिबॉडी (ते प्रथिन हेरून त्याला चिकटणारा रेणू) माशावर चालली, यात सिद्ध काहीच होत नाही. कॅलरेटिनिन हे दुसरं प्रथिन बघ: उंदराच्या लहान मेंदूत ते ग्रॅन्यूल नावाच्या बारीक पेशींत भरपूर, झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशात मात्र युरिडेंड्रॉइड पेशींत, म्हणजे लहान मेंदूतून बाहेर संदेश नेणाऱ्या पेशींत. खरा प्रश्न इथे आहे. शिवाय हाडाच्या माशांतल्या टेलिऑस्ट या गटाच्या पूर्वजात अख्खा जीनोम (सगळ्या जनुकांचा संच) दुप्पट झाला होता, त्यामुळे झेब्राफिशमध्ये कॅलरेटिनिनची जनुकं २ आहेत. तुझी अँटिबॉडी कोणतं प्रथिन पकडते, हे आधी ठरव. ती सख्ख्या भावासारख्या कॅलबिंडिनलाही चिकटू शकते.

मासा जिवंतच हवा. लिलावातल्या बर्फातल्या बांगड्याचा मेंदू तोवर लिबलिबीत झालेला असतो. चिलापी टाकीत टिकते; प्राणी-नीती समितीची परवानगी मात्र आधी काढ.

सगळ्यात जास्त घोळ डोकं उघडताना होतो. माशाच्या पांढऱ्या स्नायूत पार्व्हाल्ब्युमिन हे कॅल्शियम धरणारंच प्रथिन ठासून भरलेलं असतं. मासे खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांतल्या बहुतेकांना बाधतं ते हेच. मानेच्या मांसाचा कण मेंदूला लागून आला, तर ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीने ओळखतात, त्या चाचणीत) १२ किलोडाल्टन वजनापाशी जाडजूड पट्टा दिसेल आणि तो मेंदूचाच वाटेल. कवटीचं हाड उचलण्याआधी मान नीट खरवड, पातं बदल, मेंदू थंड सलाइनमध्ये दोनदा धू. ब्लॉटच्या एका लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) स्नायूचा खूप पातळ केलेला नमुना लाव. इतकं छोटं प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून आरपार जातं, ०.२ चा घे.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मेंदूचे गोठवून काप घ्यायचे असतील तर तो ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (ऊती टिकवणारं रसायन) ४ अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेव, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये तळाला बसेपर्यंत. तरंगत असतानाच गोठवलास तर बर्फाच्या स्फटिकांनी भोकं पडतात. फॉस्फेट बफरला खाडीकाठच्या विहिरीचं पाणी अजिबात नको, त्यातल्या कॅल्शियमने पांढरा साका बसतो. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा मेंदूचे गोठवलेले ठोकळे फ्रीझरच्या तळाशी ठेव. एकदा वितळून पुन्हा गोठलेला ठोकळा वापरू नकोस.

पहिला ब्लॉट झाला की स्नायूच्या लेनसकट अख्ख्या पडद्याचा फोटो पाठव. कापलेला नको.