फोन स्पीकरवर होता

"मॅडम, पोरगं रडून लाल होतंय आन् ही भिंतीकडं तोंड करून पडलीय. आईची मायाच नाही का ओ हिला?"

जुलै २०२०. सोलापुरात १६ तारखेपासून दहा दिवसांचं कडक लॉकडाऊन होतं. फोनवरचा नवरा पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मार्चपासून हातात धड पगार नव्हता. बायकोला आपण सुनीता म्हणू (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत). पहिलंच बाळंतपण, मुलगा पाच आठवड्यांचा. माहेर उमरग्याचं. हायवेने दोन तासांची वाट, पण जिल्हा दुसरा, ई-पास लागणार. त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. बारसं व्हिडिओ कॉलवर. डिंकाचे लाडू आईने करून ठेवले, ते उमरग्यातच राहिले.

बाळंतिणींचे असे फोन घेणं हे माझं काम. मी सुनीताशी बोलले. झोप? "लागते." जेवण? "जातं." मन कसं आहे? "बरंय की." दहा मिनिटांत मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'थकवा, विश्रांती हवी'. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी सासूबाई बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्या तासात घरातलं झाडून सगळं माणूस घागरी-बादल्यांमागे. तेवढी सवड साधून ती गच्चीवर आली होती. "ताई, बाळ झोपलं तरी मला झोप लागंना. त्याच्याकडं बघून काहीच वाटत नाही. दुसऱ्याचं लेकरू सांभाळल्यासारखं वाटतंय. मी वाईट आहे का ओ?"

बाळ झोपल्यावर तरी डोळा लागतो का, हा माझ्या लेखी सगळ्यात कामाचा प्रश्न. बाळ जागवतं म्हणून होणारं जागरण वेगळं आणि बाळ शांत झोपलेलं असताना आढ्याकडे बघत पडणं वेगळं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. सुनीताचं ओसरायच्या ऐवजी वाढत चाललं होतं. याला प्रसूतीपश्चात नैराश्य म्हणतात. हा आजार आहे. त्यात माया गोठल्यासारखी होते, आणि ते गोठणं हेच आजाराचं लक्षण. ज्या बाईला खरोखर काही पडलेलं नसतं, ती पाण्याच्या वेळेला चोरून गच्चीवर येऊन 'मी वाईट आहे का' असं विचारत नाही.

मग मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती असते. तसं होत नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. "इथं उभं राहिलं की वाटतं कधी कधी."

"आधी खाली ये. जिन्यात बस. मग बोलू."

ती जिन्यात बसेपर्यंत मी फोन सोडला नाही. पुढचं तिला विचारूनच नवऱ्याला सांगितलं: गच्चीला कुलूप, तिला एकटं ठेवायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आजच. त्यांनी व्हिडिओवर तपासलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्यायला सांगितलं, गोळी सुरू केली. (भास होत असते, घरच्यांवरच संशय घेत असती किंवा रात्र-रात्र न झोपता भलतंच बोलत असती, तर व्हिडिओची वाट न बघता थेट सिव्हिलला न्यायला सांगितलं असतं. त्याला आपल्याकडे 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवतात. तेवढे दिवस हातात नसतात.)

सासूबाईंचं म्हणणं, "आम्हाला कुठं वेळ होता ओ रडायला?" आणि गोळ्या दुधातून बाळाला जातील. पहिल्यावर मी वाद घातला नाही. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांनीच दिलं: अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, दुधात फार थोडा अंश उतरतो. सासूबाईंना मी एक काम दिलं. रात्री दहा ते तीन बाळ तुमच्याकडे. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं, सुनीताला उठवायचं नाही. हे त्यांनी इतकं चोख केलं की मीच चकित झाले. नवऱ्याकडे बाळाची आंघोळ आणि लंगोट. यंत्रमागावरचा हात, दोरा तुटू न देणारा, दोन दिवसांत सरावला.

गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे गेले. मध्ये एकदा तिने ती बंदही केली, पुन्हा सुरू करावी लागली. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आई आली, लाडवांचा नवा डबा घेऊन. सप्टेंबरात सुनीता म्हणाली, "ताई, काल तो हसला तर मलाबी हसू आलं." एवढंच. नंतर बराच वेळ गोळीबद्दल कुरकुर केली.

आता रात्री-अपरात्री कुणाला बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी नंबर आहे, तो २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हा तो नव्हता.

माझ्या वहीत 'थकवा, विश्रांती हवी' ही ओळ अजून आहे, खोडलेली नाही. बाळंतिणीचा फोन आला की पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: "फोन कानाला आहे की स्पीकरवर?"