गो ९२.५ कुठे गेलं?

प्रश्न : २००२-०३ ला मी डोंबिवलीहून सीएसटीला कॉलेजला जायचे. पर्समध्ये एक छोटा रेडिओ असायचा आणि त्यावर गो ९२.५. इंग्लिश गाणी, सकाळी जग्गू आणि तराना. मग लग्न झालं, तीन-चार वर्षं मुंबईबाहेर होतो, परत येऊन लावलं तर त्या नंबरवर काहीच नाही. बंद पडलं का ते? परवा लेकीला सांगायला गेले आणि मलाच नीट सांगता येईना. आणि मुंबईत एवढी स्टेशनं आली तरी मराठी गाणी इतकी कमी का लागायची, हेही सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, बंद नाही पडलं, घर बदललं. गो ९२.५ चं रेडिओ वन झालं आणि ते ९४.३ वर गेलं, म्हणून तुमचा काटा जुन्या जागी रिकामाच फिरला. तुमचं पत्र वाचून मला एकदम पारसिकचा बोगदा आठवला बघा. फास्ट लोकल आत शिरली की एफएमचा नुसता खरखराट, इअरफोनची वायर हीच एरियल त्यामुळे ती बोटाला गुंडाळून वर धरायची, आणि बाहेर पडलो की आरजे पुढच्याच विषयावर पोचलेला असायचा, मधलं वाक्य कायमचं गेलं.

आता थोडं मागे जाऊ. हे स्टेशन 'मिड-डे' वर्तमानपत्रवाल्यांचं होतं. ते रेडिओत नवे नव्हते, १९९३ पासून आकाशवाणी आपल्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने द्यायची त्यात टाइम्स एफएम होतं तसंच रेडिओ मिड-डेही होतं. १९९८ मध्ये सरकारने ते करार पुढे चालवले नाहीत आणि सगळं थांबलं. मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली होती. क्रिकेटच्या मॅचचं प्रक्षेपण कोण करणार यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि सरकारचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. एका मॅचच्या भांडणातून आपल्याला खाजगी एफएम स्टेशनं मिळाली, मला ही गोष्ट फार आवडते.

मग २००० साली खाजगी एफएमच्या परवान्यांचा लिलाव झाला. ४० शहरं, १०८ फ्रिक्वेन्सी. लोकांनी उत्साहात भरमसाट बोली लावल्या आणि नंतर बरेच जण मागे फिरले, शेवटी १२ शहरांत जेमतेम २१ स्टेशनं उभी राहिली. मुंबईत २००२ च्या उन्हाळ्यात एकामागोमाग एक लागली, मिर्ची ९८.३, सिटी ९१, रेड ९३.५, विन ९४.६ आणि तुमचं गो.

आणि इथेच खरी मेख आहे. मुंबईची लायसन्स फी होती पहिल्या वर्षाला ९.७५ कोटी रुपये आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, दहा वर्षं! कागदावर मांडून बघा. दुसऱ्या वर्षी ११.२१ कोटी, पाचव्या वर्षी १७ कोटींच्या वर, दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर. जाहिराती येवोत न येवोत, फी भरायचीच. गाणी वाजवण्याचे पैसे म्युझिक कंपन्यांना वेगळे. बातम्या द्यायला बंदी, म्हणजे गाणी, गप्पा आणि ट्रॅफिक याशिवाय हातात काही नाही. अशा वेळी स्टेशन काय करणार? ज्या गाण्याला जास्तीत जास्त लोक थांबतात तेच परत परत वाजवणार, म्हणजे नवीन हिंदी सिनेमाची गाणी. गोने त्यात मुख्यतः इंग्लिशवर राहायची हिंमत केली याचं मला आजही कौतुक आहे. विन तर काही वर्षांतच बंद झालं.

बहुतेक जण तोट्यात, तेव्हा २००५ मध्ये सरकारने नियम बदलले. एकदाच प्रवेश फी भरायची आणि मग दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के. फ्रिक्वेन्सीही नव्याने लावल्या, त्यात सिटी ९१ चं ९१.१ झालं, ९२.७ वर बिग आलं, आणि गो ९४.३ वर. बीबीसी वर्ल्डवाइडची भागीदारी आली, नाव रेडिओ वन झालं आणि गाणी हिंदी. पुढे काही वर्षांनी मुंबईत रेडिओ वन परत इंग्लिशकडे वळलं, हे तुमच्या लेकीला नक्की सांगा. २०१९ मध्ये हिंदुस्तान टाइम्सवाल्या एचटी मीडियाने कंपनीत मोठा हिस्सा घेतला.

मराठी गाण्यांचं उत्तर यातच आलं, तरी मला ते पटत नाही हे स्पष्ट सांगते. जाहिरातदाराला मुंबईतला सगळ्यात मोठा श्रोता हवा होता आणि तो हिंदी गाण्यात मिळतो असं धरून सगळे चालले. पण विरार-कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत सकाळी कानाला रेडिओ लावून बसलेले कितीतरी लोक घरी मराठी बोलणारे होते, त्यांच्यासाठी दिवसात चार गाणी जास्त लावली असती तर कुणी स्टेशन बदललं नसतं. कोल्हापुरात बघा, तिथे 'पुढारी'च्या टोमॅटो एफएमने तिथलीच बोली, तिथलेच विषय घेतले, आणि गंमत म्हणजे तेही ९४.३ वरच.

प्रश्न : ताई, माझ्याकडे त्या काळात रेडिओवरून भरलेल्या सहा कॅसेट आहेत. वाजवायची भीती वाटते. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टाकू नका कृपा करून! स्टेशनांकडेही तो आवाज आज असेलच असं नाही. आधी कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, बरीच वर्षं पडून टेप एकमेकाला चिकटते ती त्याने सुटते. आतला छोटा स्पंज निघाला असेल तर वाजवू नका, आधी कॅसेट दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने पुसा, मग हेडफोनच्या भोकातून एक ऑक्स वायर कॉम्प्युटरला लावा आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. गाण्यांच्या मधलं बोलणं मात्र कापू नका, गाणी कुठेही मिळतील, ते बोलणं मिळणार नाही.