आधी मोज

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अलिबागच्या किनाऱ्यावर तीस मजली मनोरा, चक्रीवादळातून आणि गच्चीवरच्या पावसाच्या पाण्यातून वीज काढणारा. तुझ्या प्रोजेक्टचे गाइड म्हणतात आकार बदल, मित्र म्हणतात टर्बाइन वाढव, आणि तू विचारतेस, कोणाचं ऐकू? कोणाचंच नको. तिथला वारा तू किती दिवस मोजलास? एवढी सुंदर चित्रं आणि वाऱ्याचा एकही आकडा नाही, याचा मला रागच आला.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. तुला वादळाचा मोह पडला तो इथेच. पण वारा सेकंदाला 25 मीटरच्या आसपास गेला की बहुतेक मोठी टर्बाइन स्वतःला वाचवायला बंद होतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा तुझी पाती थांबलेलीच असती. शिवाय वादळ काही तासांचं आणि वर्षाचे तास 8,760. इमारतीचं पोट रोजच्या वाऱ्यावर भरतं. तो मोज.

पावसाचंही तेच. गच्ची 1,000 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 2,200 मिलिमीटर, उंची 100 मीटर धर. थेंबही वाया गेला नाही असं मानलं तरी हाती येतात वर्षाला 600 युनिट. एका कुटुंबाला दोन-तीन महिने पुरतील. पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांचं गणित आहे हे, आणि तू त्याआधी संगणकावर चार रंगीत चित्रं करून बसलीस!

बहारीनचं वर्ल्ड ट्रेड सेंटर बघ, 2008 सालचं. शिडांसारखे 240 मीटरचे दोन मनोरे, मधल्या पुलांवर 29 मीटर व्यासाची तीन टर्बाइन. आखाताचा वारा बहुतेक एकाच बाजूने येतो, म्हणून तो आकार. तरीही अपेक्षा धरली होती ती इमारतीच्या विजेच्या गरजेच्या 11 ते 15 टक्क्यांचीच.

माझंही सांगतो. ठाण्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर मी टर्बाइन बसवलं होतं, विमानतळावरच्या वाऱ्याचे आकडे घेऊन. ते आकडे मोकळ्या मैदानाचे. माझ्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीला आपटून वारा गरगरायचा, पाती सारखी दिशा बदलायची. बेअरिंगचा आवाज खाली स्लॅबमधून उतरायचा. वरच्या मजल्यावरच्या आजी कानात कापूस घालून झोपायच्या. दुसऱ्या पावसाळ्याआधी ते उतरवलं. उतरवताना मी खाली उभा होतो. आजी काही बोलल्या नाहीत, मला चहा दिला. तो चहा अजून घशाखाली उतरत नाही.

त्यानंतर मोजल्याशिवाय मी रेघ ओढली नाही. त्यापायी दोन चांगली कामं गेली. लोक म्हणतात, सरांनी स्वप्नं सोडली. नाही सोडली. माणसं राहतात त्या घराच्या डोक्यावर अंदाज बसवायचा नाही, एवढंच मी धरून बसलोय, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तुझा मनोरा मला आवडलाय, म्हणून तर एवढं लिहितोय. माझा वारा मोजायचा ॲनिमोमीटर कपाटात आहे, रविवारी येऊन घेऊन जा. किनाऱ्यावर तुझ्या मामांचं घर आहे म्हणालीस ना? गच्चीवर उंच खांब उभा कर, कठड्याच्या आणि टाकीच्या बराच वर. दर तासाला वेग आणि दिशा, पूर्ण वर्षभर. पहिल्या महिन्याची वही मला दाखव, आकाराचं मग बोलू.

तुझा,
सर