पहिला विग घेताय? आधी तो उलटा करून बघा

केसांचा रंग नंतर बघा. विग उलटा करून आतली टोपी आधी तपासा, कारण दिवसभर डोक्याला तीच लागणार आहे.

आत इलॅस्टिकवर केसांच्या आडव्या पट्ट्या मशीनने शिवलेल्या दिसल्या, तर ती साधी टोपी. स्वस्त, टिकाऊ, आणि पट्ट्यांमधल्या फटींतून हवा खेळते, म्हणून मुंबईच्या दमटपणात बरी. पण पट्ट्या झाकायला टाळूपाशी आखूड, कुरळवलेले केस भरतात; त्यामुळे माथा फुगतो आणि भांग बदलता येत नाही. खाली स्वतःचे केस असतील तर चालते. केमोथेरपीनंतरच्या उघड्या, हुळहुळ्या टाळूला मात्र ती शिवण टोचते. तिथे मोनोफिलामेंट घ्या: बारीक जाळीत एकेक केस हाताने गाठलेला असतो, भांगातून खालची त्वचा दिसते. जाळी फक्त भांगापुरती आहे की पूर्ण माथ्यावर, हे विचारा; किंमत त्यावरही ठरते.

लेस फ्रंट म्हणजे कपाळापाशी बारीक, पारदर्शक जाळी (लेस) लावलेला विग; फक्त तिथली कड नैसर्गिक दिसते. मागे साध्या पट्ट्याच असू शकतात, यात बरेच जण फसतात. लेसला धरून विग ओढू नका, फाटते. हाताने गाठलेल्या केसांच्या मुळाशी कंडिशनर लावू नका, गाठी सैल होऊन केस गळतात.

डोक्याच्या घेराचं माप कपाळाच्या केसरेषेवरून, कानांमागून, मानेवरून पूर्ण गोल घ्या. सरासरी माप साधारण ५५ ते ५७ सेंमी. केस गेल्यावर ते कमी भरते, म्हणून मानेपाशी घट्ट करायचे पट्टे हवेतच.